हरकत असल्यास पंधरा दिवसांत

निकोलसला संशय यायला फारसं कारण लागत नसे. दूधवाला रोजच्यापेक्षा लवकर आला तर त्याला वाटे, आज पाणी जास्त पडलंय म्हणून हा तोंड चुकवतोय. उशिरा आला तर वाटे, पाणी घालत बसला असेल. वसईजवळच्या सांडोरातले लोक म्हणत, याच्या बापाने याचं नाव थॉमस ठेवायला हवं होतं, प्रभूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय न मानणाऱ्या त्या संताचं. निकोलसच्या कानावर हे होतं आणि त्याचा त्याला रागही नव्हता. थॉमसने निदान खात्री करून घेतली, असं तो म्हणायचा.

पण दोन हजार दोन सालच्या फेब्रुवारीत त्याच्या डोक्यात जो संशय शिरला, त्याला खरोखरच कारणं होती, आणि ती एकामागोमाग एक येत गेली.

पहिलं कारण सुकेळी. निकोलसच्या वाडीत राजेळी केळी होती आणि थंडी सरता सरता तो त्यांची सुकेळी करायला घ्यायचा. पिकलेली केळी सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर, असं आठवडाभर. मग केळीच्या सुक्या पानात घट्ट गुंडाळून बांधायची. त्याचा एकुलता एक मुलगा जॉयल अंधेरीला साबणाच्या एका बड्या कंपनीत मॅनेजर होता. वय एकतीस, गळ्यात टाय, लग्नाचं नाव नाही. कॉलेजला गेल्यापासून त्याने त्या मांडवाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तोच जॉयल एका सकाळी मांडवापाशी येऊन उभा राहिला आणि विचारू लागला, की सुकेळी किती महिने टिकतात, बॅगेत उन्हातान्हात राहिली तर खराब होतात का, आणि यंदा त्याला दहा किलो मिळतील का. निकोलसने मिळतील म्हटलं आणि मनाशी खूणगाठ बांधली. दहा किलो सुकेळी कुणी एकटा खात नाही. ती वाटायला नेतात, आणि बहुधा ज्याच्याकडून काम काढायचं असतं त्यालाच वाटतात.

दुसरं कारण ॲन्सेल्मने आणून दिलं. ॲन्सेल्मची वाडी निकोलसच्या वाडीला लागून होती आणि गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्याला त्या घरच्या बाईच्या आधी कळायचं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर त्याने निकोलसला गाठलं आणि म्हणाला, मंगळवारी तुझा जॉयल तलाठ्याकडे दिसला, तुझ्या वाडीचा सातबारा काढत होता. एवढं बोलून तो प्रसन्न चेहऱ्याने पाव आणायला निघून गेला.

मंगळवारी जॉयल सकाळी पावणेआठला टाय लावून, बॅग घेऊन, रोजच्यासारखा ऑफिसला गेला होता.

सातबारा म्हटल्यावर निकोलस का धास्तावला, हे समजायला त्याच्या वाडीत दुपारी तीन वाजता उभं राहायला हवं. तीन वाजले की पश्चिमेच्या पाचमजली इमारतीची सावली कुंपण ओलांडून आत यायची आणि थेट सुकेळ्यांच्या मांडवावर पडायची. ती इमारत जिथे उभी होती तिथे आठ वर्षांपूर्वी निकोलसचा धाकटा भाऊ क्लेमेंट याची वाडी होती. क्लेमेंटनेही एक दिवस सातबाराचा उतारा काढला होता. बँकेतून पंपासाठी कर्ज काढतोय, असं भावाला सांगितलं होतं. सहा महिन्यांनी पंप आला नाही, बुलडोझर आला. क्लेमेंट आता नालासोपाऱ्यात दोन खोल्यांत राहायचा आणि सणालाही गावात तोंड दाखवायचा नाही. इमारतीला मात्र बिल्डरने त्याचं नाव ठेवलं होतं.

म्हणून निकोलस सोमवारी सकाळी बाजारातल्या टेलिफोन बूथवर गेला. खिशात जॉयलचं व्हिजिटिंग कार्ड होतं, चकचकीत, कोपरे गोल असलेलं. कंपनीतली मुलगी आधी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत, आणि शेवटी याची दया येऊन मराठीत म्हणाली, की जॉयल सरांनी जानेवारीतच कंपनी सोडली.

निकोलसने रिसीव्हर ठेवला आणि बूथवाल्याने दिलेले सुटे पैसे न बघताच खिशात टाकले. असं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. म्हणजे महिनाभर हा पोरगा रोज पावणेआठला टाय लावून घराबाहेर पडत होता आणि कुठे जात होता ते देवालाच ठाऊक.

घरी त्याने बायकोला काही सांगितलं नाही. इझाबेलचे स्वतःचे संशय वेगळ्या दिशेने चालले होते. पोरगा हल्ली खोलीचं दार लावून बसतो, कपाटात काहीतरी चिकटवलंय ते दाखवत नाही, एका बादलीत आंघोळ करून त्याच पाण्यात कपडे धुतो, पंखा असून जमिनीवर झोपतो. तिच्या मते हे प्रेमात पडल्याचं लक्षण होतं. मुलगी कुठलीही असो, फक्त मिस्साला येणारी असो, एवढी तिची अट उरली होती.

तिसरं कारण निकोलसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गुरुवारी केळीला पाणी सोडताना त्याला कुंपणापलीकडे जॉयल दिसला, आणि त्याच्यासमोर जितेंद्र. जितेंद्र जमिनींचा दलाल होता. क्लेमेंटचा व्यवहारही त्यानेच जुळवला होता, आणि तेव्हापासून निकोलस त्याला बघितलं की रस्ता बदलायचा. आता हा रस्ता बदलणारा माणूस केळीच्या खोडांआड वाकून उभा राहिला. जॉयलने बॅगेतून कागद काढले. जितेंद्रने ते मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून एक, दोन, तीन सह्या केल्या. दोघांनी हात मिळवले. संध्याकाळी जॉयल पायी घरी आला आणि आईला म्हणाला, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे.

आता विचारायचं काय उरलं होतं? असं निकोलसला वाटलं. क्लेमेंटला त्याने विचारलं होतं, आणि क्लेमेंटने डोळ्यांत बघून उत्तर दिलं होतं. खोटं उत्तर ऐकायची त्याची दुसऱ्यांदा तयारी नव्हती. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. पोरगा खोटं बोलेल याची, आणि आपल्याला ते लगेच कळेल याची.

शुक्रवारी त्याने स्वच्छ सदरा घातला आणि वसईत वकीलबाईंकडे गेला. त्यांचं नाव उन्नती वर्तक. नुकतंच ऑफिस थाटलेलं, टेबलावर काच, काचेखाली गणपती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, की काका, तुम्ही मुलाशी बोललात का?

"चोराला विचारून कुणी कुलूप लावतं का, बाई?"

बाईंनी मग जास्त चर्चा केली नाही. जाहीर नोटीस तयार झाली. पुढच्या शनिवारी वसईच्या साप्ताहिकात छापून येईल, असं ठरलं.

तो आठवडा निकोलसने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. उपवासकाळ चालू होता. बुधवारी तो फादरकडे कुमसाराला गेला, गुडघे टेकून रागाचं, शिव्यांचं, शेजाऱ्याच्या कोंबडीला दगड मारल्याचं पाप सांगून आला, आणि नोटिशीचं तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे त्याने राहू दिलं. घरी जॉयलकडे बघताना त्याला वाटायचं, पोराचा चेहरा अगदी आईवर गेलाय, याच्यात क्लेमेंट आला कुठून?

शनिवारी सकाळी निकोलस मांडवाजवळ पाटावर बसून केळी सोलत होता. जॉयल चहाचे दोन कप घेऊन आला, एक बापासमोर ठेवला आणि शेजारी जमिनीवर बसला. म्हणाला, एक गोष्ट सांगायची आहे, आधी तुम्हाला सांगतो, मग मम्मीला.

आणि त्याने सांगितलं. नोकरी सोडली होती. सात वर्षं झाली होती तिथे, आणि शेवटचे चार महिने नव्या साबणाला लिंबाचा वास द्यायचा की काकडीचा, यावर बैठका चालल्या होत्या. एका बैठकीतून तो पाणी प्यायला बाहेर आला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला आत परत जावंसं वाटत नाही. त्या दिवशी नाही, कधीच नाही. दहावीत असल्यापासून त्याच्या डोक्यात आफ्रिका होती. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता तो तिथला नकाशा. नैरोबीपर्यंत विमानाने जायचं आणि तिथून खाली, अगदी टोकाच्या समुद्रापर्यंत, मिळेल त्या बसने, ट्रकने, तंबूत आणि धर्मशाळेत मुक्काम करत. एक वर्ष. हात राखून खर्च केला तर साठवलेलं पुरणार होतं. त्यासाठीच मोटारसायकल जितेंद्रला विकली, जमिनीवर झोपायची आणि एका बादलीत भागवायची सवय केली. वाटेत खायला स्वस्त, टिकाऊ आणि ओझ्याला हलकं काय, तर सुकेळी. आणि टाय? टाय मम्मीसाठी. महिनाभर तो मुंबईत एका लायब्ररीत बसून पुस्तकं वाचत होता आणि व्हिसाच्या रांगा लावत होता.

"आणि सातबारा?" निकोलसने हातातलं अर्धं सोललेलं केळं खाली ठेवलं होतं.

"एका देशाचा व्हिसा अडलाय. तिथला माणूस म्हणतो, नोकरी नाही, बायको नाही, मुलं नाहीत, मग तू परत कशाला येशील? परत येण्यासारखं काय आहे, त्याचा कागद आण. उताऱ्यावर फक्त तुमचं नाव निघालं, पप्पा. तुमचं एक पत्र हवंय. मी मुलगा आहे, ही वाडी पुढे माझी आहे, एवढंच."

निकोलसने तोंड उघडलं, पण शब्द फुटण्याआधीच इझाबेल मागच्या दारातून बाहेर आली. तिच्या हातात साप्ताहिक होतं. ती नेहमी मृत्यूच्या बातम्यांपासून वाचायला सुरुवात करायची आणि त्यांच्याखालीच जाहीर नोटिसा असायच्या.

"अहो, हे बघा काय छापलंय," ती म्हणाली आणि अडखळत वाचू लागली. तमाम जनतेस कळविण्यात येते की, मौजे सांडोर येथील आमचे अशील श्री. निकोलस घोन्साल्विस यांच्या वाडीवर त्यांचा मुलगा जॉयल यास कोणताही हक्क अथवा अधिकार नाही. सदर मिळकतीबाबत त्याच्याशी कोणीही कसलाही व्यवहार करू नये. याबाबत कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

जॉयलने पेपर तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा एकदा मनात वाचला. मग नीट घडी घातली.

"मी त्या माणसाला सांगून आलो होतो, पप्पा, की आमची वाडी आहे."

"तुझी नाही, माझी आहे," निकोलस म्हणाला. सवयीने म्हणाला. आणि बोलल्याक्षणी त्याला वाटलं, ही जीभ कुणीतरी कोयत्याने छाटावी.

जॉयल उठून आत गेला. चहावर साय धरली. इझाबेल आधी कशावर रडावं ते न कळून तिथेच उभी राहिली, आणि मग सगळ्यावर मिळून रडली.

पुढचे दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. निकोलस वाडीत फिरत राहिला. वाडी सुखरूप होती. दलाल नव्हता, बुलडोझर नव्हता, तीन वाजता येणारी सावली होती तेवढीच होती. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण इतके दिवस तो ज्या गोष्टीला कुंपण घालत होता ती कुठेच चालली नव्हती. चालला होता पोरगा. ट्रकच्या पाठीवर बसून, जिथे याची भाषा कुणाला येत नाही अशा मुलखात. आणि त्याला परत यायला सांगणारा एकुलता एक कागद बापाने स्वतः फाडून साऱ्या वसईला वाटला होता. हे कळल्यावर तो राजेळीच्या खोडाला टेकून खाली बसला.

मग त्याला राग आला, आणि तो त्या व्हिसावाल्याचा आला. हा कोण माझ्या पोरावर संशय घेणारा? ओळख ना देख. संशय घ्यायचा तर बाप बसलाय घरी.

सोमवारी वकीलबाईंनी ऑफिस उघडलं तेव्हा तो पायरीवरच बसला होता. बाई म्हणाल्या, चिंता करू नका, आधीची नोटीस मागे घेत आहोत, अशी एक ओळ देऊ. निकोलसला एक ओळ नको होती. त्याने मजकूर सांगायला सुरुवात केली आणि बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"काका, मिळकतीवर मुलाचं नाव लावायचा अर्ज केला, हे ठीक आहे. पण 'तो एका वर्षात परत येणार आहे' हे नोटिशीत कसं घालू? त्याला पुरावा काय?"

"तो वाडी विकणार म्हणून छापलंत तेव्हा नव्हता मागितला पुरावा."

बाईंनी लिहिलं. अर्जही त्याच दिवशी तलाठ्याकडे गेला, बापाबरोबर मुलाचं नाव लावण्याचा. सही करताना निकोलसचा हात जरा थांबला, हे खोटं नाही. आता उद्या जॉयलने खरोखरच जितेंद्रला हाक मारली तर त्याच्या शब्दाला वजन येणार होतं. तरी त्याने सही केली, नेहमीपेक्षा मोठी.

पुढच्या शनिवारी सगळ्या गावाने ते वाचलं. तमाम जनतेस कळविण्यात येते की, आमचे अशील श्री. निकोलस घोन्साल्विस यांचा मुलगा जॉयल हा आफ्रिका खंडात प्रवासास जात असून एका वर्षात सांडोर येथे स्वतःच्या वाडीत परत येणार आहे. आमच्या अशिलांची तशी खात्री आहे. मागील नोटीस चुकीच्या समजुतीने दिली होती. याबाबत कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

लोक हसले. हसणारच. मिस्सा सुटल्यावर ॲन्सेल्मने पायरीवर गाठून विचारलं, आणि नाही आला परत तर?

"हरकत आहे का तुझी?" निकोलस म्हणाला. "असेल तर लेखी दे."

ॲन्सेल्मने लेखी काही दिलं नाही.

जॉयलनेही ती नोटीस वाचली. संध्याकाळी तो न सांगता मांडवावरची केळी आत घेऊ लागला. पहिल्याच दिवशी अर्धी चेपली. निकोलसने पाहिलं आणि चेपलेली बाजूला काढली. अर्जाची पोच आणि नोटिशीचं कात्रण घेऊन जॉयल व्हिसावाल्याकडे गेला. तिथल्या शिपायाला मराठी येत होतं, त्याने साहेबाला सगळं समजावून सांगितलं, शेवटच्या हरकतीच्या ओळीसकट. साहेबाने म्हणे चष्मा काढून विचारलं, की तुझा बाप काय करतो? मग शिक्का मारला.

त्या पंधरवड्यात बापलेक पूर्वी कधी बोलले नव्हते तेवढं बोलले. जॉयलने सांगितलं, की वाट जरा वाकडी करून युगांडातही जाणार, तिथे लोक केळी भातासारखी रोज जेवतात, हिरवी, उकडून. निकोलसला ते पटलं नाही. कुठली जात, घड किती फण्यांचा, खोड किती जाड, हे स्वतः बघून कळवायचं, असं त्याने बजावलं. इझाबेल रोज म्हणायची, ईस्टर करून जा. पण स्वस्तातलं तिकीट ईस्टरच्या आधीचंच निघालं होतं.

आणि रोज दुपारी पोस्टमन आला की निकोलस फाटकाशी जाऊन उभा राहायचा. कुणाचीच हरकत येत नव्हती.

पंधराव्या दिवशी तो स्वतः बाजारात गेला आणि एक पोस्टकार्ड घेऊन आला. मांडवापाशी बसून त्याने त्यावर वकीलबाईंचा पत्ता घातला आणि मागे लिहिलं, माझी हरकत आहे. जॉयल परत येईल याची मला खात्री नाही. मला भीती वाटते. निकोलस घोन्साल्विस. मग तो चर्चजवळच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेला. पेटीवर लिहिलं होतं, शेवटची उचल चार वाजता. तो तिथे उभा राहिला. ओळखीचे लोक जाता-येता विचारत होते, काय निकोलस, कुणाची वाट बघतोस? चारला पोस्टाचा माणूस आला, पेटी उघडून पत्रं थैलीत भरली, याच्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. निकोलसने नाही म्हणून मान हलवली. माणूस सायकलवर टांग टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर रिक्षा आली. जॉयलची पाठीवरची पिशवी त्याच्या डोक्याच्याही वर जात होती आणि तिच्या तळाशी दहा किलो सुकेळी होती, निकोलसने स्वतः बांधलेली. इझाबेलने गळ्यात जपमाळ घातली, कपाळावर क्रूस काढला आणि पदर तोंडाला लावला. जॉयल बापाच्या पाया पडायला वाकला, तर पिशवीने त्याचा तोल गेला आणि निकोलसला त्याला धरावं लागलं. धरलं ते त्याने जरा जास्त वेळ धरलं.

"पप्पा, नोटिशीला किती दिवस झाले?"

"सोळा."

"आली का कुणाची हरकत?"

निकोलसचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. कार्ड आत होतं.

"एक आली," तो म्हणाला. "पण मुदत संपल्यावर आली."

जॉयल त्याच्या खिशाकडे बघत राहिला. रिक्षावाल्याने हॉर्न दिला. रिक्षा क्लेमेंटच्या इमारतीला वळसा घालून दिसेनाशी झाली, तसा निकोलस मागे फिरला. तीन वाजायला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात केळी उलटून घ्यावीत, म्हणून तो मांडवाकडे गेला.